पोफळीवरची मिरी आणि गांजातला एक रेणू

पोलिसांचा शिकवलेला कुत्रा एखाद्या बॅगेपाशी थबकतो, तेव्हा आत चरस असल्याचे त्याला नशा आणणाऱ्या घटकामुळे कळत नाही. टीएचसी नावाचा तो घटक जड आणि चिकट. हवेत तो नावापुरताच उडतो. अशा कुत्र्यांना नेमका कशाचा वास येतो, याची छाननी जर्मन संशोधकांनी १९७३ साली केली आणि उत्तर आले, कॅरिओफिलीन ऑक्साइड. गांजाच्या फुलोऱ्यात मुळात असते ते बीटा-कॅरिओफिलीन. फुलोरा सुकला, त्याला हवा लागली, की त्यातल्या काही भागाला ऑक्सिजन जोडला जातो आणि हा ऑक्साइड तयार होतो.

हेच बीटा-कॅरिओफिलीन रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आगराआगरांतून उगवते. गुहागर, मुरुड, आंजर्ले, केळशी या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागेला आगर म्हणतात. तिथे पोफळीच्या खोडाला बिलगून मिरीचा वेल चढतो, आणि त्याच्या दाण्यांतल्या सुगंधी तेलाचा हा एक प्रमुख घटक आहे. दारातल्या कढीपत्त्यात तो आहे, वृंदावनातल्या तुळशीत आहे, लवंगेत आणि पेरूच्या पानांतही आहे. शास्त्रज्ञ २००८ पासून ज्याला ‘आहारातला कॅनाबिनॉइड’ म्हणतात, तो रत्नागिरीकरांच्या सारात आणि काढ्यात पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला आहे, आणि त्याने कुणाला कधी नशा चढलेली नाही. ती का चढत नाही, आणि नशा नाही तर हा रेणू शरीरात करतो तरी काय, हे सावकाशीने पाहण्यासारखे आहे. या विषयावर हल्ली बाटल्यांच्या लेबलांवर जे छापून येते, त्यात खरे आणि अर्धवट यांची सरमिसळ फार झाली आहे.

आधी वेलापासून सुरुवात करू. मिरी हे पावसावर जगणारे पीक. जूनच्या सरी लागल्या की वेलावर कोवळे लोंबते घोस निघतात. त्यांवरची फुले इतकी बारीक की लक्षही जात नाही. पावसाचे पाणी घोसावरून ओघळताना पराग खालच्या फुलांपर्यंत पोचवायला हातभार लावते, म्हणून ऐन फुलोऱ्यात पावसाने मोठी उघडीप दिली की घोसात दाणे विरळ भरतात. दाणा तयार व्हायला सहा ते आठ महिने लागतात आणि साधारण डिसेंबरपासून काढणी सुरू होते. पोफळ आणि माड हे वेलाचे जुने आधार. आंबा, फणस आणि पांगाऱ्यावरही तो चढवतात. रत्नागिरी शहराला लागून असलेल्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या बागेत मिरी, दालचिनी, जायफळ आणि लवंग अशी मसाल्याची झाडे एकत्र घेण्याची ‘लाखी बाग’ ही पद्धत बसवून दाखवली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने, १९७२ साली स्थापना झाल्यापासून, या पिकांच्या जाती आणि लागवडीवर सातत्याने काम केले आहे. मिरीत इथे लोकप्रिय झालेली जात मात्र केरळची, पन्नियूर-१.

दाणा तोंडात फोडला की दोन वेगळ्या गोष्टी एकदम जाणवतात, आणि त्या वेगळ्या ओळखणे पुढच्या सगळ्या विषयासाठी गरजेचे आहे. जिभेला लागणारा तिखटपणा पायपरिनचा. तो हवेत उडत नाही. नाकात शिरतो तो वास सुगंधी तेलाचा, आणि ते उडून जाते. सुकलेल्या मिरीत हे तेल वजनाच्या सुमारे २ ते ४ टक्के भरते. त्यात पाइनीन, सॅबिनीन, लिमोनीन अशी हलकी, चटकन उडणारी संयुगे असतात आणि जोडीला जरा जड असे कॅरिओफिलीन. तेलात त्याचा वाटा जातीप्रमाणे आणि जागेप्रमाणे बदलतो. कुठे दहा टक्के, कुठे तीस टक्क्यांच्याही वर. गांजाच्या सुगंधी तेलात तो ३५ टक्क्यांपर्यंत सापडला आहे. ॲमेझॉनच्या जंगलातल्या कोपायबा झाडाच्या राळेत तर याहूनही जास्त.

वनस्पती हा रेणू आपल्यासाठी बनवत नाही. पाच-पाच कार्बनचे तीन तुकडे जोडून ती पंधरा कार्बनची साखळी तयार करते, मग एक विकर त्या साखळीला वळवून बंद करते. तयार होतो तो घाट जरा विलक्षण आहे: नऊ कार्बनचे मोठे कडे आणि त्याला चिकटलेले चार कार्बनचे छोटे, ताणलेले कडे. निसर्गात असे चौकोनी कडे क्वचित भेटते. प्रयोगशाळेत हा रेणू मुळापासून रचून दाखवायला अमेरिकेतल्या ई. जे. कोरी यांच्यासारखा रसायनज्ञ लागला. त्यांनी ते १९६४ साली केले. झाडाला याचा उपयोग काय, याचे एक सुंदर उदाहरण मक्यात सापडले आहे. मक्याच्या मुळांना एक विशिष्ट अळी लागली की मुळे जमिनीत बीटा-कॅरिओफिलीन सोडतात. त्या वासाच्या मागावर सूत्रकृमी येतात आणि अळीला संपवतात. अमेरिकेत पैदास झालेल्या बऱ्याच जातींच्या मक्यात ही हाक देण्याची क्षमता हरवलेली आहे, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. म्हणजे ज्याला आपण नुसता वास म्हणतो, तो झाडाच्या लेखी कामाचा निरोप असतो.

आता शरीराकडे येऊ. ज्या १९६४ साली कोरींनी कॅरिओफिलीन रचले, त्याच साली इस्राएलमध्ये गाओनी आणि मेशूलम यांनी गांजातला नशेचा घटक, म्हणजे टीएचसी, शुद्ध रूपात वेगळा करून त्याची रचना मांडली. तो शरीरात कुठे जाऊन बसतो, हे कळायला आणखी पाव शतक गेले. पेशीच्या आवरणात रुतलेली काही प्रथिने बाहेरचा ठरावीक रेणू आला की तो पकडतात आणि आतल्या यंत्रणेला खबर देतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. टीएचसीला पकडणाऱ्या पहिल्या रिसेप्टरचा जनुक १९९० साली हाती आला. तो सीबी-१. मेंदूत तो विपुल आहे. आठवण, वेळेचे भान, भूक, हालचालींचा तोल या सगळ्यांशी निगडित भागांत. टीएचसीची नशा ती ह्याच दारातून. दोन वर्षांनी, १९९२ मध्ये, हा रिसेप्टर हलवणारा शरीराचा स्वतःचा रेणू मिळाला. शोधणाऱ्यांनी संस्कृतातला ‘आनंद’ घेऊन त्याला आनंदमाइड म्हटले. आणि १९९३ साली सीबी-२ सापडला.

सीबी-२ हा सीबी-१ चा भाऊ खरा, पण त्याचा मुक्काम वेगळा. तो मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर असतो: प्लीहेत, रक्तातल्या पांढऱ्या पेशींत. निरोगी मेंदूत तो फारच थोडा. जखम झाली, जंतू शिरले, की या पेशी दाहाचे संदेश देणारी प्रथिने सोडतात. रक्त त्या जागी धावते, सूज येते, दुखते. ही सूज उपकारकच असते, पण ती वेळेवर ओसरली पाहिजे. सीबी-२ ला योग्य रेणू मिळाला की पेशीच्या आत सायक्लिक एएमपी नावाच्या निरोप्याचे प्रमाण घटते आणि दाहाच्या संदेशांचा ओघ कमी होतो. आगरात पाटाचे पाणी एका आळ्यात पुरेसे झाले की तोंडाशी ढेकूळ सारून धार कमी करतात. पाट बंद करत नाहीत. सीबी-२ चे काम काहीसे तसे आहे.

या दोन भावांमधला फरक औषधनिर्माते मोठी किंमत देऊन शिकले आहेत. सीबी-१ दाबून भूक कमी करणारे रिमोनाबंट नावाचे औषध युरोपात वजन घटवण्यासाठी बाजारात आले, आणि रुग्णांत नैराश्य आणि आत्महत्येचे विचार दिसू लागल्यामुळे २००८ साली मागे घ्यावे लागले. मेंदूतल्या दाराशी खेळणे सोपे नाही. मग मेंदूला हात न लावता फक्त सीबी-२ गाठता आला तर? हा प्रश्न अनेक प्रयोगशाळांत होता आणि त्यासाठी कृत्रिम रेणू बनवले जात होते.

गांजाच्या झाडात या कामाचा रेणू आहे का, हे शोधताना सर्वांची नजर टीएचसीच्या नात्यातल्या संयुगांवरच राहिली. ती सगळी साधारण एकाच घडणीची, एकवीस कार्बनची, ऑक्सिजन असलेली. कॅरिओफिलीनमध्ये ऑक्सिजनचा एक अणूही नाही. नुसता कार्बन आणि हायड्रोजन. म्हणून त्याला वासाच्या खात्यात टाकून सगळे पुढे गेले. झुरिकच्या ईटीएच या संस्थेतले युर्ग गेर्ट्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गांजाचे सुगंधी तेलच तपासायला घेतले. २००८ साली त्यांनी जाहीर केले की बीटा-कॅरिओफिलीन सीबी-२ ला नेमके पकडते आणि त्याला कामाला लावते. सीबी-१ ला मात्र ते पकडत नाही. पकड किती घट्ट, याचे माप त्यांनी १५५ नॅनोमोल असे दिले. हा आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट. १५५ म्हणजे टीएचसीइतकी मजबूत नाही, पण मसाल्याच्या डब्यातल्या पदार्थासाठी आश्चर्य वाटावी इतकी नक्कीच. त्याच तेलातले त्याचे जवळचे नातलग, ह्युम्युलीन आणि कुत्र्यांना ओळखू येणारा तो ऑक्साइड, यांची अशी पकड दिसली नाही. रेणूच्या घाटात जरासा बदल झाला की काम संपते.

नशा का येत नाही, याचे उत्तर इथेच मिळते. सीबी-१ ला हात लागत नाही, म्हणून मेंदूतले ते दार उघडत नाही.

पण रिसेप्टरला चिकटणे ही पहिली पायरी झाली. नळीतल्या पेशीवर घडते ते जिवंत प्राण्यात घडेलच असे नाही. आणि प्राण्यात सूज उतरली तरी ती याच रिसेप्टरमुळे उतरली, हे वेगळे सिद्ध करावे लागते. या ठिकाणी गेर्ट्श आणि मंडळींनी जी युक्ती वापरली, ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची वाटते. उंदराच्या पंजात कॅरॅजिनन, म्हणजे समुद्रातल्या लाल शेवाळातून काढलेला पदार्थ, टोचला की पंजा सुजतो. दाहावरची औषधे तपासण्याची ही जुनी रीत आहे. त्यांनी उंदरांना वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम कॅरिओफिलीन तोंडावाटे दिले. सूज लक्षणीय कमी झाली. मग तोच प्रयोग त्यांनी दुसऱ्या उंदरांवर केला. त्या उंदरांमध्ये सीबी-२ चा जनुकच काढून टाकलेला होता. त्यांची सूज कमी झाली नाही. डोस तोच, सूज तीच, फक्त ते एक प्रथिन नाही, आणि परिणामही नाही. म्हणजे निदान त्या उंदरांत कॅरिओफिलीन ज्या वाटेने काम करत होते, ती वाट सीबी-२ चीच होती.

यानंतर प्रयोगांची रीघ लागली. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये उंदरांच्या आतड्याच्या दाहात त्याचा उपयोग नोंदवला आणि त्यात सीबी-२ बरोबर पीपीएआर-गॅमा नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचाही भाग असल्याचे दाखवले. जर्मनीत बॉनच्या चमूने २०१४ मध्ये नसेच्या इजेमुळे होणाऱ्या चिवट वेदनेवर ते तपासले. तोंडावाटे दिलेल्या कॅरिओफिलीनने वेदना कमी झाली, आणि बरेच दिवस देऊनही शरीर त्याला सरावले नाही. अफूच्या वर्गातल्या वेदनाशामकांची मोठी अडचण हीच असते की त्यांचा डोस वाढवत न्यावा लागतो. चिंता, दारूची ओढ यांवरही उंदरांतले निष्कर्ष आले आहेत. ही यादी ऐकायला भारी वाटते. तिच्यातला ‘उंदीर’ हा शब्द मात्र लेबलांवर गाळला जातो.

माणसांवरचे काम थोडे आहे. कोरियात हेलिकोबॅक्टर जंतूची लागण असलेल्या लोकांना कॅरिओफिलीन काही आठवडे देऊन पाहिले. जंतू गेले नाहीत, मळमळीसारख्या तक्रारी काहीशा कमी झाल्या. त्याआधी १९९४ मध्ये अमेरिकेत सिगारेट ओढणाऱ्यांना काळ्या मिरीच्या अर्काची वाफ ओढायला दिली, तेव्हा त्यांची तलफ कमी झाल्याचे आढळले; पण तिथे सगळ्या तेलाची वाफ होती, एकट्या कॅरिओफिलीनची नव्हे, आणि छातीत उठणारी झिणझिण हाच तलफ शमवण्याचा भाग असावा, असे त्या संशोधकांचेच म्हणणे होते.

गांजाची नशा जास्त होऊन घबराट झाली तर मिरीचे दाणे चावावेत, अशी एक समजूत जगभर ऐकू येते. आपल्याकडच्या भांगेच्या थंडाईतही मिरी असतेच, बडीशेप आणि खसखशीबरोबर. या समजुतीचे श्रेय सर्रास कॅरिओफिलीनला देतात, आणि ते चुकीचे आहे. घबराट सीबी-१ मुळे होते. कॅरिओफिलीन त्या दाराशी जातच नाही. मिरीतले दुसरे कुणी काम करत असेल तर तो संशय लिमोनीनवर घ्यावा लागेल. २०२४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या चाचणीत वीस निरोगी माणसांना टीएचसीबरोबर लिमोनीनची वाफ दिली, आणि डोस वाढवला तशी त्यांची चिंता घटली. तो शुद्ध लिमोनीनचा मोजलेला डोस होता. चार दाणे चावून तेवढे लिमोनीन मिळत नाही. कुणाला भांग चढून छाती धडधडू लागली, शुद्ध हरपू लागली, तर त्याला मिरी देत बसू नये, दवाखान्यात न्यावे.

कॅरिओफिलीनबद्दल खुद्द शास्त्रज्ञांत एकमत आहे असेही नाही. सिडनीतल्या एका गटाने २०१९ मध्ये गांजातली सहा सुगंधी संयुगे, त्यांत कॅरिओफिलीनही, मानवी सीबी-१ आणि सीबी-२ असलेल्या पेशींवर तपासली. त्यांच्या पद्धतीत, म्हणजे पेशीच्या आवरणावरच्या विद्युतभारातला बदल मोजताना, यांतल्या कुणीही काही हलवले नाही, आणि टीएचसीच्या परिणामातही फरक पडला नाही. झुरिकची मोजणी एका प्रकारची, सिडनीची दुसऱ्या प्रकारची. एकच रिसेप्टर पेशीत अनेक निरोप पाठवू शकतो आणि एखादा रेणू त्यांतला एखादाच निरोप सुरू करतो, हे औषधशास्त्रात नवे नाही; त्यामुळे दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. पण ‘गांजातली सगळी संयुगे एकमेकांना साथ देऊन परिणाम वाढवतात’ हे वाक्य जेव्हा जाहिरातीत सिद्ध झाल्यासारखे येते, तेव्हा सिडनीचा हा प्रयोग आठवावा.

आता घरातला प्रश्न. मिरी खाल्ली तर हे किती मिळते? हिशोब अवघड नाही. एक ग्रॅम मिरीत ३ टक्के तेल धरले तर ३० मिलिग्रॅम. त्यात पाव वाटा कॅरिओफिलीन धरला तर साधारण ७ ते ८ मिलिग्रॅम. उंदराचा डोस माणसाला लावताना किलोचा सरळ गुणाकार करत नाहीत, कारण लहान प्राण्याचे चयापचय फार वेगवान असते; उंदराच्या आकड्याला सुमारे १२ ने भागतात. ५ चे झाले ०.४. साठ किलोच्या माणसाला २४ मिलिग्रॅम. म्हणजे तीन-साडेतीन ग्रॅम मिरी, चमचाभर पूड, एकाच माणसाने एकाच दिवशी. कुणी इतकी खात नाही, आणि खाऊ नये. पोटात आग पडेल. शिवाय हा कागदावरचा हिशोब आहे. तोंडावाटे गेलेले सगळे रक्तात पोचत नाही, आणि स्वयंपाकात बरेच आधीच उडून गेलेले असते.

काढ्याची गोष्ट इथे सांगायला हवी. पाण्यात मिरी उकळताना घरभर वास दरवळतो आणि आपल्याला वाटते, अर्क उतरतोय. खरे तर तो पातेल्यातून निघून चाललेला असतो. कॅरिओफिलीन पाण्यात विरघळत नाही. उकळत्या पाण्याच्या वाफेबरोबर ते वर जाते. सुगंधी तेल काढण्याचे कारखाने याच गुणावर चालतात. ते विरघळते स्निग्ध पदार्थात. सारात नारळाचा दाट रस घालून गॅस बंद करताना वरून ताजी कुटलेली मिरी टाकण्याची जी पद्धत आहे, ती या दृष्टीने काढ्यापेक्षा कितीतरी सरस. तुपात घोळवलेल्या गरम भातावर मिरपूड, हेही तसेच. लसूण जसा ऐनवेळी ठेचतात तशीच मिरीही ऐनवेळी कुटावी. अख्खा दाणा तेल आपल्या पोटात धरून ठेवतो. पूड केली की ते उघडे पडते. महिनोन्‌महिने डब्यात पडलेली मिरपूड तिखट लागते कारण पायपरिन शाबूत असते, पण तिचा वास गेलेला असतो, आणि वासाबरोबर कॅरिओफिलीनही बरेचसे उडालेले किंवा ऑक्साइड झालेले असते.

बागायतदाराच्या हातात याहून जास्त आहे. घोसातला एखाददुसरा दाणा नारिंगी-लाल झाला की घोस काढतात. दाणे सुटे करून जाळीच्या टोपलीत किंवा फडक्यात घेऊन उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवतात आणि मग उन्हात वाळवतात. या मिनिटभरात दाण्याच्या सालीतल्या पेशी फुटतात, आतले विकर आणि फिनॉल एकमेकांना भेटतात आणि दाणा एकसारखा काळा होतो. वाळायलाही कमी दिवस लागतात. मिनिटाची पाच मिनिटे केली तर विकर मरते, रंग उतरतो आणि तेलही जाते. ओल्या शंभर किलोंची तेहतीस-चौतीस किलो काळी मिरी होते. तेल मुख्यतः सालीच्या थरात असल्यामुळे, साल काढून केलेली पांढरी मिरी दिसायला देखणी आणि भावाला बरी असली तरी वासाने सौम्य असते. तेल काढणाऱ्या उद्योगाला तर पूर्ण पक्व दाणाही नको असतो; दाणा भरण्याच्या दोन-तीन आठवडे आधी त्यात तेलाचे प्रमाण जास्त असते, पुढे पिष्ट भरत जाते आणि वजन वाढते. म्हणजे वजनासाठीची काढणी आणि तेलासाठीची काढणी या वेगळ्या वेळा आहेत, आणि कोकणात आपण फक्त पहिली ओळखतो. त्यात इथल्या दमट हवेत दाणा नीट कोरडा झाला नाही तर बुरशी धरते. मग तेलाची चर्चाच फोल.

मिरी भरपूर खाण्याचा सल्ला मी यातून देत नाही, आणि त्याला पोटापलीकडचे कारण आहे. दाण्यातले पायपरिन यकृतातल्या आणि आतड्यातल्या औषध मोडणाऱ्या विकरांना रोखते. बंगळूरुमध्ये १९९८ साली झालेल्या अभ्यासात, हळदीतल्या कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर रक्तात पोचणारे कर्क्युमिन वीसपट झाले. हळदीसाठी हे कौतुकाने सांगितले जाते. पण तेच पायपरिन फिट्सवरच्या फेनिटॉइनची, दम्यावरच्या थिओफिलिनची, रक्तदाबावरच्या प्रोप्रॅनोलॉलची रक्तातली पातळीही वाढवते, असे माणसांवरच्या अभ्यासांत दिसले आहे. रोजच्या जेवणातली मिरी या हिशोबात किरकोळ. मिरीच्या किंवा पायपरिनच्या कॅप्सूल मात्र किरकोळ नाहीत. यातली कोणतीही गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत.

कायद्याचे एवढेच. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गांजा आणि चरस बंद केले. भांगेची पाने त्या व्याख्येच्या बाहेर राहिली आणि महाराष्ट्रात त्यांवर राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आहे. मिरीतून किंवा लवंगेतून आलेल्या कॅरिओफिलीनवर असे कोणतेही बंधन नाही; खाद्यपदार्थांत वासासाठी ते जगभर वापरतात. रेणू गांजातला असो की पोफळीवरचा, तो तोच. म्हणूनच ‘गांजातला दुर्मीळ घटक’ म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या तेलाच्या बाटलीत कॅरिओफिलीनखेरीज वेगळे काय आहे, आणि दर थेंबात ते किती मिलिग्रॅम आहे, हे विचारण्याचा गिऱ्हाइकाला पूर्ण हक्क आहे. लेबलावर आकडा नसेल तर ती बाटली घेऊ नये.

माझी एक इच्छा आहे, आणि ती औषधाबद्दल नाही, शेतीबद्दल आहे. हापूसच्या वासाचा अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने केला. पिकत जाताना फळात काय बदलते आणि गावागणिक वास कसा पालटतो, हे एकेका संयुगाच्या मोजमापाने तपासले. तशीच मोजणी इथल्या मिरीची व्हावी. गुहागरच्या पोफळीवरचा वेल, लांज्याच्या फणसावरचा, भाट्याच्या माडावरचा. काढणी डिसेंबरची, जानेवारीची, फेब्रुवारीची. वाळवण उन्हातले आणि सावलीतले. प्रत्येक नमुन्यात तेल किती टक्के आणि तेलात कॅरिओफिलीन किती. त्यासाठी काचेचे ऊर्ध्वपातनाचे उपकरण आणि एक गॅस क्रोमॅटोग्राफ पुरतो. आज आगरातली मिरी किलोवर विकली जाते आणि व्यापारी ती मुठीत घेऊन, दाण्याचा आकार पाहून भाव सांगतो. तेलाचा आकडा हातात असेल, तर बारीक दाण्याच्या पण वासाला कडक अशा गावठी वेलालाही त्याचा वेगळा भाव मागता येईल.